नापास चौकोन

१२ फेब्रुवारी

ताईचं पार्सल आलं. आत लोकरीचे गुंडे, सहा-सात रंगांचे, त्यातले दोनच रंग माणसाने अंगावर घालावेत असे. क्रोशाच्या दोन सुया. आणि छापलेली काही पानं. पहिल्याच पानावर एक बाई रंगीबेरंगी चौकोनांचं कार्डिगन घालून हसते आहे. एवढं हसण्यासारखं त्या कार्डिगनमध्ये काही नाही. खाली लिहिलंय, 'साधे चौकोन विणा, एकमेकांना जोडा, झालं! अगदी नवशिक्यांनाही जमेल.' ज्या कामाच्या वर्णनात उद्गारचिन्ह घालावं लागतं, ते काम करण्याच्या लायकीचं नसतं, असं इतकी वर्षं इमारतींचे नकाशे तपासून माझं मत झालेलं आहे.

(हे मत खरोखर जुनं आहे की आत्ता लिहिता लिहिता सुचलं? आत्ता सुचलं. पण म्हणून चूक ठरत नाही.)

परिस्थिती एकदा नोंदवून ठेवतो. नोव्हेंबरात बाबांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून ते माझ्याकडे आहेत. पाय सावरला. बोलणं सावरलं, जरा जास्तच सावरलं. उजवा हात मात्र अजून दुसऱ्या कुणाचा तरी खांद्याला टांगून ठेवल्यासारखा आहे. व्यायाम करून घ्यायला एक बाई घरी येतात. बाबा पाणी प्यायले तरी त्या 'वाहवा' म्हणतात, म्हणून आम्ही त्यांचं नाव वाहवाबाई ठेवलंय. बोटांना क्रोशासारखं काहीतरी काम द्या, असं त्यांनी सुचवलं, आणि ताईने फोनवरच सगळं ठरवून टाकलं. बाबांनी स्वतःसाठी कार्डिगन विणायचं. ते पुरं झालं की हात बरा झाला असं समजायचं, आणि तेच घालून तिच्याकडे राहायला जायचं. कायमचं. तिच्या गावी थंडी असते.

मी लगेच हो म्हणालो. उगाच मोठेपणा नको, स्पष्टच लिहितो : मला माझी खोली परत हवी आहे. तिथे सध्या बाबा, बाबांची काठी, बाबांची औषधं आणि बाबांची मतं राहतात. घटस्फोटानंतर एकटं राहायला मी मोठ्या कष्टाने शिकलो होतो.

१६ फेब्रुवारी

वाहवाबाईंना क्रोशा येत नाही. सुचवायचं एकाने आणि करायचं दुसऱ्याने. म्हणजे आधी मी शिकायचं आणि मग बाबांना शिकवायचं.

तशी विद्या मामुली आहे. लोकरीचा फास करून सुई घालायची, त्यातून लोकर ओढायची, म्हणजे साखळी. सुईवर एक वेढा जास्त घेऊन ओढली की उभा टाका येतो, त्याला खांब म्हणतात. साखळीवर खांबांच्या ओळी चढवत गेलं की चौकोन. कुणालाही जमेल.

मला जमला नाही. प्रत्येक ओळीचा शेवटचा खांब माझ्याकडून सुटत होता हे फार उशिरा ध्यानात आलं.

बाबांनी तो डाव्या हाताने उचलून उजेडात धरला. "हे काय आहे?"

"चौकोन."

"वर निमुळता का होतोय?"

"पहिलाच आहे, बाबा."

"पहिला म्हणून काय झालं? तुझ्या हापिसात पहिली इमारत अशीच होती का, वर गच्चीवर एक खुर्ची मावेल एवढी?"

बाबा एका कारखान्याच्या टूलरूमचे फोरमन होते. नापास झालेला तुकडा ते कारागिराच्या हातात परत देत नसत, भंगाराच्या पेटीत टाकत, सगळ्यांना ऐकू जाईल असा. लोकरीचा आवाज होत नाही याचं त्यांना आज वाईट वाटलेलं दिसलं.

४ मार्च

बाबांचा पहिला चौकोन झाला. डाव्या हाताने उजवी मूठ सुईभोवती आवळून, ओठ दाताखाली धरून विणलेला. दिसायला कुत्र्याने चावून टाकलेल्या पायपुसण्यासारखा. वाहवाबाईंनी टाळ्या वाजवल्या.

"बाई," बाबा म्हणाले, "तुम्हाला दिसत नसेल तर चष्मा घ्या. दिसत असून असं म्हणत असाल तर घरी जा."

त्या हसल्या. या बाईंचा अपमान करूनही काही फायदा नाही.

संध्याकाळी बाबांनी मला पत्रा आणायला लावला आणि त्यात बरोबर मापाची चौकोनी खिडकी कापून घेतली. हे आमचं गेज. चौकोन खिडकीत ठेवायचा. कडांशी फट राहिली तर लहान, मध्ये फुगला तर मोठा, दोन्ही नापास. खिडकी भरून सपाट बसला तर पास. पास झालेले पुठ्ठ्याच्या खोक्यात, नापास उसवण्यासाठी पिशवीत.

"लोकर ताणली जाते, बाबा," मी म्हणालो.

"म्हणून मोजायच्या आधी तासभर टेबलावर पडू द्यायचा. हात लावायचा नाही. गरम लोखंड कधी मोजतात का?"

या युक्तिवादात खोट आहे हे मला कळतं. पण नियम नसलेल्या कामापेक्षा चुकीचा नियम असलेलं काम मला बरं वाटतं, हा माझ्या स्वभावाचा दोष असावा.

आजचे चौकोन : माझा नापास, बाबांचा नापास.

२५ मार्च

आता माझे बहुतेक पास होतात. बाबांचे होत नाहीत. टाके तेवढेच, ओळी तेवढ्याच, तरी सकाळचा चौकोन सैल आणि दुपारचा घट्ट. बातम्या ऐकताना विणलेला तर इतका आवळलेला की त्यावर गरम भांडं ठेवावं. हात बिघडला की लोकरीवर राग निघतो आणि राग आला की हात बिघडतो.

मी त्यांचे नापास चौकोन काहीही न बोलता पिशवीत टाकतो. आज ते म्हणाले, "बोल ना. तोंड शिवलंय का? नुसता चेहरा करतोस, तुझी बायको त्या चेहऱ्यालाच कंटाळली असणार."

मी म्हणालो, "तुमचा तिसऱ्या ओळीपासून सगळा ढिसाळपणा आहे."

"हां. असं सांगावं."

संध्याकाळी ऑफिसातून आलो की आम्ही खिडकीशी विणत बसतो. समोरच्या इमारतीत गाड्या लावायच्या जागेवरून रोज तमाशा होतो. एक टक्कल पडलेला गृहस्थ आहे, त्याला गाडी मागे घेता येत नाही. त्याची बायको खाली उतरून हातवारे करते आणि तो नेमका उलटा जातो. "याला सायकलही देऊ नये," बाबा म्हणतात. मी म्हणतो, "बाईचे हातवारेही चुकीचेच आहेत." दोघांनाही बाद केलं की आम्ही चहा करतो. म्हणजे चहा मी करतो आणि पातळ झाला असं बाबा म्हणतात.

लोकांविषयी इतकं तुच्छतेने बोलणं बरं नव्हे. उद्यापासून खिडकीशी बसू नये असं वाटतं. पण उजेड तिथेच चांगला येतो.

१९ एप्रिल

हात सुधारला. हे कबूल करायला हवं, कारण गेजच सांगतं. गेल्या आठवड्यात बाबांचे चौकोन ओळीने पास झाले. बोटं अजून जाड दिसतात, पण सुई पकडून ठेवत नाहीत, चालवतात. खोकं निम्म्याहून जास्त भरलं.

ताईचा फोन आला. "किती झाले रे?"

"पाठ होईल एवढे. पुढचे दोन भाग आणि बाह्या राहिल्या."

"मग काय, महिन्याभरात होईल! बाबांना सांग, खोली तयार आहे. सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं. न्हाणीघरात धरायला कठडे बसवून घेतलेत, दोन्हीकडे."

बाबा समोरच बसले होते. मी फोन पुढे केला. त्यांनी हातातला चौकोन वर करून दाखवला, म्हणजे हात मोकळे नाहीत. तसे मोकळे करता आले असते. "विणताहेत," मी म्हणालो.

"बघ, किती उत्साह आलाय," ताई म्हणाली. ताईला कशातही उत्साह दिसतो. मला दुसरीत चष्मा लागला तेव्हाही ती म्हणाली होती, किती छान दिसतो.

७ मे

खोक्यात काहीतरी चुकतंय. मागच्या रविवारी मी जांभळे चौकोन मोजून ठेवले होते. आज कमी आहेत. शंका आली म्हणून इतर रंग पाहिले, तर हिरवेही कमी वाटतात. मागच्या रविवारी मीच चुकलो असेन का? माझं मोजणं चुकत नाही. पण ज्याचं मोजणं चुकत नाही असं त्याला वाटतं तोच चुकतो, हे मी ऑफिसात रोज पाहतो.

बाबांना विचारलं.

"मी काय चौकोन खातो का?"

त्यांची स्मरणशक्ती? डॉक्टर म्हणाले होते लक्ष ठेवा. जेवताना मी सहज त्यांना जुन्या कारखान्यातल्या यंत्रांची नावं विचारली. त्यांनी सगळी सांगितली आणि वर म्हणाले, "परीक्षा घेतोयस का? पास की नापास?"

१५ मे

हात पुन्हा बिघडला. गेले काही दिवस बाबांचा एकही चौकोन गेजात बसलेला नाही. आणि तऱ्हाही नवीन. पूर्वी सैल किंवा घट्ट असायचे. आता मधलीच एखादी ओळ गाळलेली, नाहीतर कोपऱ्यात दोन खांब जास्तीचे. नवशिक्याने केल्यासारखे. काळजी वाटली म्हणून वाहवाबाईंना थांबवून विचारलं.

"हात? हात उत्तम आहे हो! आज त्यांनी माझा हात दाबला तर मी ओरडले. वाहवा!"

"मग विणकाम असं का होतंय?"

"मला काय ठाऊक. मन लागत नसेल."

या बाईंच्या पदवीविषयी मला पहिल्यापासून संशय आहे. बोटांचा दोष बोटांत शोधायचा सोडून मनात शोधायचा. त्यांना बदलावं का असं ताईला विचारणार होतो, पण ताई म्हणेल, हात बरा नसेल तर मीच येऊन घेऊन जाते, इथे मोठं हॉस्पिटल आहे. म्हणून विचारलं नाही. नुसतं कळवलं, की काम जरा मागे पडलंय.

'जरा' हा शब्द प्रामाणिक नाही. तरी राहू देतो.

२२ मे

आज जे पाहिलं त्याने डोकं भडकलेलं आहे, म्हणून सावकाश लिहितो.

ऑफिसातली वीज दुपारीच गेली, सगळ्यांना घरी सोडलं. दार किल्लीने उघडून आत आलो. बाबा खिडकीशी बसले होते. मांडीवर पुठ्ठ्याचं खोकं. पिशवी नव्हे, खोकं. एका हाताने चौकोन धरून दुसऱ्या हाताने ते तो उसवत होते, उजव्या हाताने, सरसर, आणि लोकर गुंड्यावर गुंडाळत होते. इतका सफाईदार हात मी झटक्यानंतर पाहिला नव्हता.

"बाबा, हा पास झालेला आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "तुझा आहे."

"माझा असला तरी पास आहे. गेजात बसलेला आहे."

"तू टाके आवळून घालतोस. मला अंगात घालायचंय, तिजोरीवर टाकायचं नाहीये."

"आणि हे इतके दिवस चाललंय? जांभळे चौकोनही?"

"जांभळे माझे होते. मला आवडले नाहीत."

"तुम्हीच पास केले होते!"

"फोरमनला आपला शिक्का मागे घेता येतो."

मी खूप बोललो. बोलायला नको ते बोललो : कामात अडथळा आणणं ही तुमची जुनी सवय आहे, आईलाही तुम्ही कधी एक चादर पुरी करू दिली नाहीत. ते ऐकून घेत होते. बाबा ऐकून घेत नाहीत, म्हणून मला आणखी चेव आला. शेवटी म्हणालो, "असं केलंत तर हे जन्मात पुरं होणार नाही!"

"तुला घाई आहे?" बाबा म्हणाले.

"मला कसली घाई?"

मग आम्ही चहा प्यायलो.

निष्कर्ष : म्हातारपणातला हेकटपणा. माझं काम त्यांना कधीच पुरेसं चांगलं वाटलं नाही, दहावीत नाही, नोकरीत नाही, आता लोकरीतही नाही. जन्मभर दुसऱ्याचे तुकडे पेटीत टाकलेल्या माणसाची ही गत होते. मी त्यांच्यासारखा होऊ नये. उद्यापासून खोकं कपाटात ठेवावं का? पण मग ते दिवसभर काय करतील? उसवायला काही नको का? राहू दे तिथेच.

११ जून

पाठीचे चौकोन जोडून झाले होते. आज ऑफिसला निघताना पाहिलं तर डावीकडे दोन गडद रंग शेजारी आले आहेत. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. मला दिसलं, आणि एकदा दिसल्यावर नजरेआड करता येईना. संध्याकाळी सगळी पाठ सोडवली.

बाबा बघत होते. "काय झालं?"

"रंगांचा तोल गेलाय."

त्यांनी मान तिरकी करून पाहिलं. "फारच गेलाय," ते म्हणाले, आणि शिवण उसवायला दुसऱ्या टोकाने बसले.

ताईला फोनवर सांगितलं, आणखी महिनाभर लागेल. तिने विचारलं, "अरे, तुम्ही दोघं मिळून नक्की काय करताय?" मी तिला रंगांचा तोल समजावून सांगितला.  

मी मुद्दाम वेळ लावतो आहे का? हा प्रश्न स्वतःला सरळ विचारला. उत्तर : नाही. वाईट काम पुढे पाठवायचं नाही ही शिस्त आहे, आणि ऑफिसात ती मला उपयोगी पडते. खोली मला अजूनही हवी आहे. मात्र कालच माझं टेबल आणि दिवा बाहेरच्या खोलीत कायमचा लावून घेतला, कारण तिथे गैरसोय होते असं आता वाटत नाही.

टकलू गृहस्थाने आज खांबाला गाडी घासली. बाबा इतके हसले की त्यांना पाठीवर थोपटावं लागलं.

२९ जून

ताई आली. न कळवता, सकाळच्या गाडीने, हातात एकच पिशवी.

"दाखवा," म्हणाली. चहाही घेतला नाही. खोकं पलंगावर उपडं केलं. मग उसवायची पिशवी ओढली आणि तीही उपडी केली. पलंग भरून चौकोन पडले.

"ते नापास आहेत," बाबा म्हणाले.

"कुणी केले नापास?"

मी गेज दाखवलं. ताईने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं, आणि कडेला ठेवलं, मुलाच्या हातून काढून घेतलेली काडेपेटी ठेवावी तसं.

"बाबा, स्वेटर आहे हे. विमानाचं इंजिन नाही. आणि तू," माझ्याकडे वळली, "तू शिकलेला ना? लोकर पत्र्याने मोजतोस?"

"नियम बाबांचा आहे."

"मोठा कधी होणार आहेस?"

मग पलंगावर मांडी घालून तिने जोडायला घेतलं. पास-नापास एकत्र. लहान असेल तो ताणून, मोठा असेल तो चुणी घालून. रंगांकडे बघितलंसुद्धा नाही. मला ते पाहवेना. बाबा काही म्हणतील म्हणून वाट पाहिली, पण ते खुर्चीत बसून तिच्या हाताकडे बघत राहिले. अशी कामं करणाऱ्या माणसांबद्दल आम्ही एरवी काय बोललो असतो ते मला ठाऊक आहे. ताई समोर असल्यामुळे बोलता आलं नाही.

संध्याकाळपर्यंत पाठ आणि पुढचे भाग जोडून झाले. ताई मधूनच बोलत होती : तिच्याकडे सकाळी फिरायला सपाट रस्ता आहे, शेजारी एक निवृत्त मास्तर आहेत, बाबांना गप्पा मारायला बरे. "कसले मास्तर?" बाबांनी विचारलं. "संगीताचे." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे.

३० जून

बाह्या झाल्या. गळ्याला आणि पुढच्या कडांना तिने काठ विणला, गुंड्या लावल्या. फार वाईट दिसत नाही, हे लिहायलाच हवं. चुण्या अंगात घातल्यावर दिसणार नाहीत. इतके महिने आम्ही जे मोजलं ते कशासाठी मोजलं असा प्रश्न पडतो.

ताईने बाबांची बॅगही भरली. उद्या दुपारच्या गाडीने दोघं निघणार. मी औषधांच्या वेळा कागदावर लिहून दिल्या, आणि चहा त्यांना कसा लागतो तेही. मग तो चहाचा भाग खोडला. ते तिला स्वतःच सांगतील.

१ जुलै

सकाळी ताई म्हणाली, "बाबा, घालून बघा एकदा."

बाबा उभे राहिले. कार्डिगन घातलं. गुंड्या उजव्या हाताने लावल्या, खालून वर, एकही न चुकता. "बघ, हात बरा झाला!" ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

बाबा आरशासमोर गेले. मी वाट पाहत होतो. आता म्हणतील, चिंध्यांची गोधडी आहे. आता म्हणतील, या चुण्या कुणी घातल्या, डोळे फुटले होते का. खांद्याशी तीन ठिकाणी बोट ठेवण्यासारखं होतं. ते नुसते हात खाली सोडून उभे राहिले, आणि म्हणाले, "चांगलं आहे."

त्यांच्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकल्याचं आठवत नाही.

"बाही आखूड आहे," मी म्हणालो.

ताई वळली. "काय?"

"उजवी. आखूड आहे. तिथल्या थंडीत मनगट उघडं राहील. असं पाठवता येणार नाही."

मी पुढे झालो, बाबांचा हात धरून सरळ केला आणि पट्टी लावली. बाही मनगटाच्या हाडावर टेकत होती. जिथे यायला हवी बरोबर तिथे. मी पट्टीकडे पाहिलं आणि म्हणालो, "बोटभर कमी आहे."

आयुष्यात मी मोजून खोटं सांगितलेलं नाही. न मोजता सांगितलं असेल. पण पट्टीवरचा आकडा डोळ्यांसमोर असताना दुसरा सांगायचा, हे माझ्या हाताखालच्या कुणी केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं. मी हे का केलं याचं कारण सकाळपासून शोधतो आहे. बाबांना थंडी बाधेल अशी भीती? बाही बरोबर होती, तर भीती कसली. ताईच्या कामात चूक काढायची हौस? असेल. तेवढंच असेल का, कळत नाही.

ताईने बाबांचं मनगट हातात घेतलं. बाहीवरून अंगठा फिरवला, हाडापर्यंत. मग बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते, तिथे बघण्यासारखं काहीच चाललेलं नसताना.

"हो," ताई म्हणाली. "आखूडच आहे."

ती आत गेली आणि बॅगेतून बाबांचे कपडे काढून कपाटात ठेवू लागली. मी म्हणालो, "ताई, अगं महिन्याभरात दुरुस्त करून आम्ही..."

"करा सावकाश."

"तू खोली तयार केलीस, ते कठडे..."

"कठडे काय, मलाही लागतीलच की कधीतरी." तिने शेवटचा सदरा घडी मोडू न देता ठेवला आणि कपाट लावलं. "रविवारी फोन करत जा. आणि त्यांच्याकडे फोन देत जा. ते विणत असले तरी."

कठड्यांचा आणि बाहीचा संबंध मला लागला नाही. पण तिला गाडीवर सोडताना वाटलं, की मी तिच्याकडून काहीतरी काढून घेतलं आहे, आणि तिने ते सोडून दिलं आहे. खिडकीतून हात हलवताना ती हसली. त्या हसण्याला मला नाव ठेवता आलं नाही.

परत आलो तर बाबा खिडकीशी बसले होते, कार्डिगन अंगातच. उकडत असणार. त्यांनी उजवा हात पुढे करून धरला होता आणि बाहीच्या कडेकडे पाहत होते.

"पट्टी दे," म्हणाले.

दिली. त्यांनी स्वतः लावली. बराच वेळ पाहिलं. मी चहा ठेवायला निघालो होतो, तो परत वळलो.

"इतकं वाईट मोजणारा माणूस," बाबा म्हणाले, "मी टूलरूममध्ये एक दिवस ठेवला नसता."

"ठाऊक आहे."

त्यांनी पट्टी मला परत दिली आणि दुसरा हात पुढे केला.

"डावी बघ."

मी डावी मोजली. तीही मनगटावर नीट टेकत होती.

"हीसुद्धा आखूड आहे," मी म्हणालो.

"मग उभा काय राहिलायस," बाबा गुंड्या काढू लागले. "कात्री आण."